राईच्या दारावर निळाईचं चाक

मोहरीचा दाणा पाहिलाय? एवढासा असतो. तेवढीच एक मुंगी होती. काळी काळी, चुणचुणीत. तिचं नाव राई.

राईचं घर होतं बकुळ इमारतीच्या पार्किंगमध्ये. दोन फरशांच्या मधे एक फट. फटीत एक भोक. तेच राईचं दार. आत राईची तीन बाळं. पांढरी पांढरी, तांदळाच्या कणीएवढी. त्यांना दिवसभर एकच काम. भूक लागली, भूक लागली.

एके दिवशी बकुळ इमारतीत नवी गाडी आली. कुंदाताईची गाडी. निळी निळी, म्हणून तिचं नाव निळाई. ही गाडी पेट्रोल पीत नाही. वीज पिते. भुर्र करत नाही. घर्र करत नाही. नुसती सूंऽऽऽ.

सगळी इमारत बघायला खाली आली. तळमजल्यावरचे आजोबा मागे वाकले. धूर कुठून येतो ते शोधायला लागले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. सापडलं नाही. धूरच नाही, तर सापडेल काय?

कुंदाताईनं पेढे वाटले. मग एकेकाला चक्कर मारून आणली. पहिल्या मजल्याला एक चक्कर. दुसऱ्या मजल्याला एक चक्कर. आजोबांना तीन. ते उतरायलाच तयार नव्हते. चकरा मारता मारता निळाईची वीज संपत आली. कुंदाताईच्या लक्षातच आलं नाही. कौतुकात कुणाचं लक्ष असतं?

राईनंही पेढ्याचा एक कण मिळवला. बाळांसाठी. डोक्यावर घेतला आणि घराकडे निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

येऊन बघते तर दार कुठाय?

दारावर चाक. काळं चाक. गोल चाक. हे एवढं मोठं चाक.

निळाई परत आली होती. आवाज न करता आली. नेमकी राईच्या दारावर थांबली. आणि तिथेच तिची वीज संपली. कुंदाताईनं तिला वायर लावली, गाडी पुसायचं पिवळं फडकं उचललं आणि ती गेली वर.

चाकाखालून बारीक आवाज आला. "आई, भूक लागली."

राईला रडू आलं. पण रडून चाक हलतं का? राईनं डोळे पुसले. पेढ्याचा कण नीट धरला. चाकावर चढली आणि म्हणाली,

"निळाई, निळाई, जरा हल.
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

निळाईला फार वाईट वाटलं. ती म्हणाली, "मी मुद्दाम नाही गं थांबले. माझ्या पोटात वीजच नाही. वायर मला वीज पाजेल, तर मी हलेन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वायर होती लांबच लांब. एक टोक निळाईच्या तोंडात, दुसरं टोक भिंतीवरच्या डब्यात. राई म्हणाली,

"वायर, वायर, वीज पाज.
निळाई हलेना,
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

वायर म्हणाली, "मी पाजीन गं. पण मीच कोरडी आहे. चार्जर मला वीज देईल, तर मी पाजीन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. भिंतीवरचा तो पांढरा डबा, तोच चार्जर. राई त्याच्या दिव्यावर जाऊन बसली आणि म्हणाली,

"चार्जर, चार्जर, वीज दे.
वायर पाजेना,
निळाई हलेना,
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

चार्जर झोपेत होता. तो म्हणाला, "माझा हिरवा दिवा लागलाय का? नाही ना. माझा खटका खाली आहे. सोपानकाका खटका वर करतील, तर मी देईन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. सोपानकाका इमारतीचे वॉचमन. फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते. राई खुर्चीवर चढली. गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. काकांच्या मिशीच्या टोकावर उभी राहिली आणि म्हणाली,

"काका, काका, खटका वर करा.
चार्जर देईना,
वायर पाजेना,
निळाई हलेना,
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

काकांच्या नाकाला गुदगुली झाली. शिंक आली. आ... आ... काकांनी ती तशीच गिळली. शिंकले असते तर राई कुठल्या कुठे उडाली असती.

काका म्हणाले, "बाय माझी, ती भिंतीवरची पाटी बघ. आधी पाणी, मग गाडी. पंप चालू असंल तर गाडीचा खटका वर करायचा न्हाई. दोन्ही एकदम लावलं की सगळ्या बिल्डिंगची लाइट जाती. पंप थांबंल, तर मी खटका वर करीन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पंप जिन्याखाली बसला होता. घर्र घर्र घर्र. सगळी जमीन थरथरत होती. राईचे सहाही पाय थरथरले. पण राई मागे हटली नाही. मोठ्यांदा म्हणाली,

"पंपदादा, पंपदादा, जरा थांब.
काका ऐकेनात,
चार्जर देईना,
वायर पाजेना,
निळाई हलेना,
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

पंप म्हणाला, "घर्र घर्र. मी काय हौसेनं ओरडतोय? ओरडून ओरडून घसा बसला माझा. घर्र घर्र. वर गच्चीत टाकी आहे. टाकी भरेल, तर मी थांबेन."

आता गच्ची तर किती उंच! राईनं वर बघितलं. पेढ्याचा कण डोक्यावर सरळ केला. आणि पाइपावरून चढायला लागली.

सर सर सर. एक मजला.
सर सर सर. दोन मजले.
सर सर सर. तीन मजले. जरा दम खाल्ला.
सर सर सर. चार मजले. आली गच्ची.

टाकी होती काळी आणि ढेरपोटी. राई म्हणाली,

"टाकीमावशी, टाकीमावशी, लवकर भर.
पंप थांबेना,
काका ऐकेनात,
चार्जर देईना,
वायर पाजेना,
निळाई हलेना,
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

टाकी म्हणाली, "मला का भरायचं नाही? पण वरून येतं, तेवढं खालून जातं. त्या कोपऱ्यातला नळ बघ. नळ बंद होईल, तर मी भरेन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. नळ वाहत होता. खळखळ खळखळ. खाली पिवळं फडकं भिजत पडलं होतं. राई भिंतीवरून नळाजवळ गेली आणि म्हणाली,

"नळोबा, नळोबा, बंद हो.
टाकी भरेना,
पंप थांबेना,
काका ऐकेनात,
चार्जर देईना,
वायर पाजेना,
निळाई हलेना,
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

नळ म्हणाला, "खळखळ. मला का हात आहेत? ज्यानं उघडलं, त्यानं बंद करावं. मला कुंदाताईनं उघडलं. ताई उठेल, तर मी बंद होईन."

ऐकलं का? कुंदाताईनंच! जिची गाडी, तिचाच नळ. निळाईला पुसायचं फडकं स्वच्छ हवं म्हणून ताई गच्चीत आली, नळ सोडला, आणि नळ तसाच राहिला. तिकडे निळाई बिचारी उपाशी.

मग ताई होती कुठे? तिथेच. दोन्ही गुडघे टेकून, नाक फरशीला लावून बसली होती. राई तिच्या अंगठ्याच्या नखावर चढली आणि म्हणाली,

"ताई, ताई, ऊठ ना.
नळ मिटेना,
टाकी भरेना,
पंप थांबेना,
काका ऐकेनात,
चार्जर देईना,
वायर पाजेना,
निळाई हलेना,
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

ताई म्हणाली, "अगं, कशी उठू? माझ्या कुडीची फिरकी पडली."

कुडी म्हणजे कानातलं. मोत्यांचं. आणि फिरकी म्हणजे कानातल्याच्या मागचा बारीकसा सोन्याचा स्क्रू. फिरकी नसेल तर कुडी कानात राहत नाही. ताईची कुडी तिच्या आईनं दिलेली होती. नवी गाडी आली, म्हणून ताईनं ती आज मुद्दाम घातली होती. फडकं पिळताना मान हलली आणि फिरकी गेली.

"जागची उठले तर कुठे पडली तेच विसरेन," ताई म्हणाली. "फिरकी वर येईल, तर मी उठेन."

राई शोधायला लागली. या फरशीवर नाही. त्या फरशीवर नाही. दोन फरशांच्या मधे एक फट. फटीत काहीतरी चमकलं. चम चम. राई वाकली आणि म्हणाली,

"फिरकी, फिरकी, वर ये.
ताई उठेना,
नळ मिटेना,
टाकी भरेना,
पंप थांबेना,
काका ऐकेनात,
चार्जर देईना,
वायर पाजेना,
निळाई हलेना,
दार माझं उघडेना,
बाळांना खाऊ मिळेना."

फिरकी म्हणाली, "मी कशी येऊ? मला पाय नाहीत. फट आहे बारीक. ताईचं बोट आत येत नाही. कुणी आत येऊन ओढेल, तर मी वर येईन."

कुणी आत येऊन ओढेल. कोण बरं जाईल एवढ्याशा फटीत? काका जातील? मिशीसुद्धा जाणार नाही. पंप जाईल? टाकी जाईल? टाकी तर नकोच.

राई जाईल.

पण राईच्या डोक्यावर पेढ्याचा कण होता. कण घेऊन फटीत जाता येईना. कण खाली ठेवावा, तर सगळीकडे पाणी. राईनं कणाकडे बघितलं. फटीकडे बघितलं. खाली तीन बाळं होती, चाकाखाली, अंधारात. राईनं एक कोरडी जागा शोधली. कण हळूच तिथे ठेवला. आणि शिरली फटीत.

तिनं फिरकी तोंडात धरली. ओढली. हुप्प. हललीच नाही.
हुप्प. जराशी हलली.
हुप्प, हुप्प, हुप्प.

टिण्. फिरकी वर.

अख्खी इमारत हिंडली राई. एवढ्यांच्या विनवण्या केल्या. आणि कामाला आलं काय? राईचंच इवलंसं तोंड. याला म्हणतात काखेत कळसा, गावाला वळसा.

राईनं मागे वळून बघितलं. कोरडी जागा कोरडी राहिली नव्हती. नळाचं पाणी तिथवर आलं होतं. पेढ्याचा कण विरघळला. थोडंसं दुधाळ पाणी दिसलं, आणि मग तेही वाहून गेलं.

ताईनं ते बघितलं.

मग काय झालं?

फिरकी वर आली, ताई उठली.
ताई उठली, नळ बंद झाला. खळखळ खळ... बंद.
नळ बंद झाला, टाकी भरली. डब डब डब... काठोकाठ.
टाकी भरली, पंप थांबला. घर्र घर्र घ... गप्प.
पंप थांबला, काकांनी खटका वर केला. खट्. आणि मग गिळलेली शिंक शिंकून घेतली. आँक्छी.
खटका वर झाला, चार्जर जागा झाला. हिरवा दिवा लागला. टिक्.
चार्जरनं वीज दिली, वायरनं वीज पाजली.

ताई गच्चीतून खाली आली. ताईच्या खांद्यावर बसून राईही आली. बघते तर निळाई वीज पीत होती. काय गुणाची गाडी! गटगट नाही, भुरके नाहीत. तोंडात वायर धरून गप्प उभी. आत पडद्यावर एक हिरवी काडी आली. मग दोन काड्या. मग तीन.

राई चाकाजवळ उभी राहिली. आता दार उघडेल. बाळं बाहेर येतील. आई, खाऊ आणलास का? मग काय सांगायचं? राईनं डोक्यावर हात फिरवला. डोकं रिकामं होतं.

ताईनं वायर काढली. आत बसली. बटण दाबलं.

सूंऽऽऽ.

निळाई एक वीत मागे सरकली. इतकी अलगद, की फटीतला मातीचा कणसुद्धा हलला नाही. धूर नाही, की बाळं खोकतील. गडगड नाही, की बाळं दचकतील. अशी गाडी असावी. चाक मोठं आणि मन त्याहून मोठं.

दार उघडलं. आतून तीन बाळं बाहेर आली. एक, दोन, तीन. "आई, खाऊ आणलास का?"

राईनं मान खाली घातली.

टप्.

दारापुढे काहीतरी पडलं. पिवळं, गोल, मऊ. वर एक चारोळी. पेढा. कण नाही, तुकडा नाही. अख्खा पेढा. राईच्या घराहून मोठा.

वर कुंदाताई उभी होती. ती म्हणाली, "राई, तुझा कण माझ्या नळानं नेला. हा तुझा."

मग बाळं जेवली. एका बाजूनं पहिलं, दुसऱ्या बाजूनं दुसरं. तिसरं चारोळीवरच चढून बसलं. राईनंही एक घास खाल्ला. इतक्या चढणीनंतर तो फार गोड लागला.

निळाई म्हणाली, "राई, मला आवाज नाही. म्हणून मी आले ते तुझ्या बाळांना कळलंच नाही. आता मी येताना आधी सांगेन."

आणि खरंच. आता रोज संध्याकाळी ताई कामावरून येते. फाटकातून आत आली की निळाई हळूच वाजते. टिंग. राई म्हणते, बाळांनो, आत चला. निळाई आली. बाळं आत जातात. निळाई येते, सूंऽऽऽ, आणि दाराच्या एक वीत अलीकडे थांबते. ताई वायर लावते. टुक्. हिरवा दिवा लागतो. मग ताई गच्चीत जाऊन नळ बघून येते. एकदाही चुकत नाही.

आणि ती भिंतीवरची पाटी आठवते? आधी पाणी, मग गाडी. सोपानकाकांनी खडू घेतला. पाटीत वरच्या बाजूला थोडी जागा होती. तिथे त्यांनी मोठ्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. आता बकुळ इमारतीत सगळे ती वाचूनच गाडी लावतात.

आधी राई.
मग पाणी.
मग गाडी.

वायर गेली खुंटीवर, गोष्ट आली शेवटावर.